‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणजे नेमकं कोणी? जेम्स रायझन प्रकरण सोप्या भाषेत

पेपरात रोज एक वाक्य भेटतं : ‘नाव न छापण्याच्या अटीवर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले.’ आपण ते वाचतो आणि पुढे जातो. बातमी महापालिकेच्या टेंडरची असेल तर त्यात फार काही अडत नाही. पण बातमी गुप्तचर खात्याची असेल, तर हे ‘सांगणं’च गुन्हा ठरू शकतं, आणि ज्याने ऐकलं त्या पत्रकाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून ‘नाव सांगा’ असं म्हणता येतं.

अमेरिकेत हा विषय पुन्हा पेटला आहे. तिथे ॲटर्नी जनरल हे आपल्यासारखे नुसते सरकारचे वकील नसतात, अख्खं न्याय खातं त्यांच्या हाताखाली असतं. आधीचे ॲटर्नी जनरल मेरिक गारलंड यांनी २०२१ मध्ये नियम केला होता की, गुपितं फुटल्याच्या तपासात पत्रकारांचे फोन रेकॉर्ड किंवा साक्ष, अगदी मोजके अपवाद सोडता, मागायची नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेव्हा नव्याने आलेल्या ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी तो नियम काढून टाकला.

या नियमाने काय साधत होतं आणि तो गेल्याने काय जातं, हे समजायचं तर जेम्स रायझन या पत्रकाराची कारकीर्द बघावी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १९९८ ते २०१७ या काळात त्यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या बातम्या केल्या. त्यांची सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात मोठं काम, दोन्ही ‘नाव न सांगणाऱ्या माणसा’वरच उभं होतं. (नावं सारखी असल्याने गोंधळ होतो म्हणून सांगतो : फॉक्स न्यूजचे जेम्स रोझेन वेगळे. त्यांच्या ईमेलची झडती घेतल्याचं प्रकरण २०१३ मध्ये गाजलं होतं.)

आधी थोडी शब्दओळख

‘सूत्र’ म्हणजे माहिती देणारा माणूस. तो नावानिशी बोलला तर ‘ऑन द रेकॉर्ड’. माहिती छापा, पण माझं नाव न घालता ‘एक अधिकारी’ एवढंच लिहा, असं म्हणाला तर ‘बॅकग्राउंड’. छापूच नका, फक्त तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, असं असेल तर ‘ऑफ द रेकॉर्ड’. ही बोली बोलण्याआधी ठरवायची असते. सगळं सांगून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हटलं, तर पत्रकाराला ते बंधनकारक नसतं. नव्या अधिकाऱ्यांची फसगत नेमकी इथेच होते.

‘समन्स’ आपल्याला माहीत आहे : कोर्टात येऊन साक्ष द्या किंवा कागद दाखवा, असा हुकूम. तो मोडला तर न्यायालयाचा अवमान, म्हणजे दंड किंवा कैद.

मग नाव न सांगणाऱ्या माणसावर विसंबायचंच कशाला? कारण या क्षेत्रात दुसरा रस्ता जवळपास नसतोच. ग्रामपंचायतीचा खर्च आपण माहिती अधिकारात मागू शकतो. आयबी किंवा रॉ यांची फाइल मागायला गेलात तर कायद्याच्या कलम २४ ने त्यांना वगळून ठेवलेलं आहे. अमेरिकेच्या माहिती कायद्यातही राष्ट्रीय सुरक्षेची गुपितं वगळलेली आहेत. कागद मिळत नाही, मग उरतो माणूस. आणि तो माणूस नोकरी, पेन्शन आणि स्वातंत्र्य पणाला लावून बोलत असतो.

चूक कशी होते : वेन हो ली

६ मार्च १९९९ रोजी रायझन आणि जेफ गर्थ यांची बातमी ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस अणुप्रयोगशाळेतून अमेरिकेच्या डब्ल्यू-८८ या अण्वस्त्राची गुपितं चीनने पळवल्याचा संशय आहे, असा तिचा आशय होता. संशयित म्हणून चिनी वंशाच्या एका संगणक शास्त्रज्ञाचा उल्लेख होता, नाव नव्हतं. दोनच दिवसांत वेन हो ली यांना नोकरीवरून काढलं आणि नावही सगळीकडे झालं. ली यांचा जन्म चीनमधला नव्हे, तैवानमधला.

डिसेंबर १९९९ मध्ये त्यांच्यावर ५९ आरोप ठेवले गेले. २७८ दिवस ते तुरुंगात होते, बहुतेक काळ एकांतकोठडीत. सप्टेंबर २०००मध्ये खटला कोसळला. गोपनीय माहिती नियम मोडून टेपवर उतरवल्याचा एकच आरोप त्यांनी कबूल केला, बाकीचे ५८ सरकारने मागे घेतले. न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर कोर्टात त्यांची माफी मागितली. त्याच महिन्यात ‘टाइम्स’ने लांबलचक संपादकीय टिपण छापलं : बातमीदारीची बाजू घेतली, पण ली यांच्या बाजूच्या शक्यता पुरेशा तपासल्या नाहीत हेही मान्य केलं.

काय बिघडलं होतं? माहिती देणारे बहुतेक तपास करणाऱ्यांच्याच बाजूचे होते. चार माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे चार पुरावे होत नाहीत. चौघांनी एकच अहवाल वाचलेला असेल, तर तो पुरावा एकच. गावात ‘सगळेच म्हणतात’ अशी गोष्ट मागे मागे शोधत गेलं की उगम एकाच ओट्यावर सापडतो, तसं. म्हणून मुरलेला संपादक दोन प्रश्न विचारतो : याला हे कसं कळलं? आणि हा आपल्याला का सांगतोय?

पुढचा भाग जास्त अवघड आहे. आपली माहिती बेकायदा फोडली म्हणून ली यांनी सरकारवर दावा लावला. ती फोडली कोणी, हे सिद्ध करायला पत्रकारांची साक्ष लागणार होती. रायझन आणि इतर पत्रकारांनी नावं सांगायला नकार दिला आणि २००४ मध्ये कोर्टाने त्यांना अवमानाबद्दल दिवसाला ५०० डॉलर दंड ठोठावला. जून २००६ मध्ये तडजोड झाली. सरकारने ८ लाख ९५ हजार डॉलर दिले आणि ‘टाइम्स’सह पाच माध्यमसंस्थांनी मिळून साडेसात लाख.

इथे जरा थांबायला हवं. सूत्राचं नाव गुप्त ठेवणं म्हणजे नेहमीच दुबळ्याचं रक्षण, असा आपला समज असतो. या प्रकरणात मात्र ते रक्षण हेरगिरी कधीच सिद्ध न झालेल्या माणसाला गोत्यात आणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला गेलं. पत्रकारांच्या हक्काची बाजू घेणाऱ्याने, आणि मी ती घेतो, हा प्रसंग टाळून पुढे जाऊ नये.

तेच हत्यार, उलट बाजूने : २००५ ची बातमी

अमेरिकेत १९७८ पासून कायदा आहे : देशातल्या माणसाचं संभाषण हेरगिरीच्या कारणासाठी ऐकायचं, तर एका खास गुप्त न्यायालयाचं वॉरंट घ्यायचं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एनएसए या हेरसंस्थेला परदेशाशी होणारे फोन आणि ईमेल त्या वॉरंटशिवाय टिपण्याची गुप्त परवानगी दिली. रायझन आणि एरिक लिक्टब्लाउ यांना याचा सुगावा लागला.

अशी बातमी छापण्याआधी पत्रकार सरकारला कळवतो. लोकांना हे विचित्र वाटतं, पण त्याला कारणं आहेत : चूक असेल तर कळते, आणि एखाद्या तपशिलाने कोणाच्या जिवाला धोका असेल तर तो काढता येतो. त्याची किंमतही असते, कारण सरकारला बातमी अडवायला वेळ मिळतो. इथे तसंच झालं. बातमी नोव्हेंबर २००४ च्या निवडणुकीआधी तयार होती. सरकारने सुरक्षेचं कारण दिलं आणि संपादकांनी ती वर्षभराहून अधिक काळ रोखून ठेवली. रायझन यांनी हा विषय आपल्या येऊ घातलेल्या पुस्तकात घेतला, तेव्हा चक्रं फिरली. बुश यांनी मालक आणि संपादकांना स्वतःच्या कार्यालयात बोलावून विनंती केली, तरीही १६ डिसेंबर २००५ रोजी बातमी आली. २००६ चं पुलित्झर पारितोषिक तिला मिळालं.

पुस्तक खपावं म्हणून गुपित फोडलं, हा आरोप रायझन यांच्यावर तेव्हापासून आहे. घटनाक्रम पाहिला तर पुस्तकाचा दबाव होता, हे खरंच आहे. पण तो दबाव नसता तर ही बातमी आणखी किती दिवस टेबलाच्या खणात राहिली असती? मला संपादकांचा विलंब जास्त खटकतो. मतदार मतदान करून बसले आणि त्यानंतर त्यांना कळलं.

ऑपरेशन मर्लिन आणि समन्स

जानेवारी २००६ मध्ये ‘स्टेट ऑफ वॉर’ हे ते पुस्तक आलं. त्यातल्या एका प्रकरणात सीआयएची एक मोहीम होती. अण्वस्त्राच्या सुट्या भागाचे मुद्दाम चुका घातलेले आराखडे एका रशियन शास्त्रज्ञाकरवी इराणच्या व्हिएन्नातल्या कार्यालयात पोहोचवायचे, म्हणजे इराणी शास्त्रज्ञ चुकीच्या वाटेवर वर्षं घालवतील. रायझन यांच्या मते बेत अंगलट येण्याजोगा होता : चुका शास्त्रज्ञाच्याच लक्षात आल्या, मग इराणच्या का येणार नाहीत? चुका वजा केल्या की उरतो तो कामाचा आराखडा. सीआयएच्या अधिकाऱ्यांनी पुढे कोर्टात हे नाकारलं आणि मोहीम व्यवस्थित आखली होती, असं सांगितलं. ही बातमीदेखील ‘टाइम्स’ने २००३ मध्ये बुश यांच्या तेव्हाच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांच्या विनंतीवरून छापली नव्हती.

सरकारचा संशय सीआयएचे माजी अधिकारी जेफ्री स्टर्लिंग यांच्यावर होता. ते मोहिमेवर काम केलेले होते आणि वांशिक भेदभावाबद्दल सीआयएशी कोर्टात भांडलेले होते. जानेवारी २००८ मध्ये रायझन यांना समन्स आलं : सूत्र कोण ते सांगा. बुश जाऊन ओबामा आले, पण २०१० मध्ये समन्स पुन्हा काढलं गेलं. न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी ते रद्द केलं. खटल्यासाठी २०११ मध्ये आलेलं समन्सही त्यांनी जवळपास निष्प्रभ केलं. सरकार अपिलात गेलं. जुलै २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी सांगितलं : साक्ष द्यावी लागेल. २ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आधार होता १९७२ च्या ‘ब्रान्झबर्ग विरुद्ध हेज’ या निकालाचा. केंटकीतल्या एका बातमीदाराने चरस बनवणाऱ्या दोघांवर लिहिलं होतं, त्यांची नावं सांगण्यावरून ते प्रकरण वर गेलं. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, फौजदारी तपासात पत्रकारालाही इतर नागरिकांसारखीच साक्ष द्यावी लागते. बहुतेक राज्यांत पत्रकारांना कमी-जास्त संरक्षण आहे, पण केंद्राच्या पातळीवर आजही कायदा नाही. २०२४ च्या सुरुवातीला त्याचं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. म्हणून तिथे सगळी भिस्त न्याय खात्याच्या अंतर्गत नियमांवर. ते एक ॲटर्नी जनरल लिहितो आणि दुसरा पुसतो.

रायझन म्हणत राहिले, तुरुंगात जाईन पण नाव सांगणार नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी ते व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या कोर्टात उभे राहिले. नाव न सांगण्याच्या अटीवर बोलणारी सूत्रं होती, एवढं त्यांनी मान्य केलं, कोण ते नाही. आठवड्याभरात सरकारने साक्षीची मागणी सोडून दिली.

पत्रकार गप्प, तरी शिक्षा कशी?

मला या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. २६ जानेवारी २०१५ रोजी ज्युरीने स्टर्लिंग यांना नऊ आरोपांत दोषी ठरवलं. ११ मे रोजी ४२ महिन्यांची शिक्षा झाली. सूत्र कोण, याबद्दल रायझन एक अक्षर बोलले नव्हते.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही असते. नाव, फ्लॅट नंबर, आत कधी, बाहेर कधी. पाहुणा घरात काय बोलला ते वॉचमनला माहीत नसतं. पण अमुक माणूस अमुक घरी महिन्यात सात वेळा आला, एवढं वहीतून कळतं. फोन आणि ईमेलच्या अशाच वहीला ‘मेटाडेटा’ म्हणतात : कोणी कोणाला, कधी, किती वेळ. मजकूर त्यात नसतो.

स्टर्लिंग यांच्याविरुद्ध ही वही होती. फेब्रुवारी २००३ चा शेवट ते मार्च २००३ चा शेवट, एवढ्या काळात त्यांच्या घरच्या फोनवरून रायझन यांना सात कॉल. १० मार्चला एक ईमेल : इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या सीएनएनच्या बातमीची लिंक आणि सोबत, तुम्ही हे पाहिलंच असेल, पण रंजक आहे ना, अशा अर्थाची ओळ. खाली सही म्हणून नुसतं ‘जे’. एप्रिलमध्ये ‘टाइम्स’ या विषयावर सीआयएशी आणि व्हाइट हाउसशी बोलत होता. स्टर्लिंग यांनी आरोप कायम नाकारले. ५ मार्चला त्यांनी सिनेटच्या गुप्तचर समितीच्या कर्मचाऱ्यांना या मोहिमेबद्दल कायदेशीर मार्गाने सांगितलं होतं, तेव्हा माहिती तिथूनही फुटू शकते, असा बचाव होता. संभाषणात काय होतं याचा थेट पुरावा नव्हता. वहीतल्या नोंदी ज्युरीला पुरल्या.

याउलट २००५ च्या बातमीचं पाहा. न्याय खात्यातले वकील थॉमस टॅम यांनी २००८ मध्ये स्वतःहून सांगितलं की, आपण ‘टाइम्स’ला फोन केला होता. कुठून? वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या फोनवरून. त्यांच्या घराची झडती झाली, वर्षानुवर्षं टांगती तलवार राहिली, पण २०११ मध्ये खटला न भरण्याचं ठरलं. दोघांतला फरक फक्त फोनचा होता, असं मी म्हणणार नाही. बातम्याही वेगळ्या होत्या. पण आजच्या माणसाला तो नाण्याचा फोन शोधूनही सापडणार नाही.

मग गुपितं फोडायला मोकळीकच द्यायची का?

नाही. हेराचं नाव, चालू मोहिमेची जागा, सांकेतिक लिपी ही माहिती बाहेर गेली तर माणसं मरतात. म्हणून गोपनीयतेवर सही करणारा अधिकारी ती मोडतो तेव्हा सरकार त्याच्यामागे लागणार, यात नवल नाही. प्रश्न दोन आहेत.

एक, अमेरिकेचा १९१७ चा हेरगिरी कायदा शत्रूला विकलेलं गुपित आणि वृत्तपत्राला सांगितलेला सरकारी गैरप्रकार यांत फरक करत नाही. ‘लोकहितासाठी सांगितलं’ हा बचाव आरोपीला मांडता येत नाही.

दोन, शिक्षा सगळ्यांना सारखी नाही. सीआयएचे माजी प्रमुख डेव्हिड पेट्रेअस यांनी गोपनीय नोंदींच्या वह्या आपल्या चरित्रलेखिकेला वाचायला दिल्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये त्यांना दोन वर्षं प्रोबेशन आणि एक लाख डॉलर दंड झाला, तुरुंग नाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत स्टर्लिंग यांची ४२ महिन्यांची शिक्षा जाहीर झाली. हे मला अन्यायाचंच वाटतं.

पत्रकार कोर्टापेक्षा मोठा आहे का?

वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं कोर्टही सहसा उघड करायला लावत नाही, कारण ती खात्री नसेल तर अशील वकिलाकडेही खरं बोलणार नाही. पत्रकारांचा युक्तिवाद तोच. अडचण अशी की वकिलाला सनद असते, पत्रकाराला नसते. पत्रकार कोणाला म्हणायचं, हे सरकारने ठरवायला घेतलं तर तो उपाय रोगापेक्षा वाईट.

आणि ढाल कोण वापरतो, हेही बघावं लागतं. ‘टाइम्स’च्याच जुडिथ मिलर २००५ मध्ये ८५ दिवस तुरुंगात राहिल्या. त्यांनी वाचवलेलं सूत्र होतं उपराष्ट्राध्यक्षांचे मुख्य सहायक लुइस लिबी, आणि विषय होता सरकारवर टीका करणाऱ्या माणसाची बायको सीआयएची गुप्त अधिकारी आहे, हे उघडं पडण्याचा. म्हणून वचन देण्याआधी वजन करायचं असतं. दिल्यावर मात्र पाळायचं, कारण एकाचं नाव फुटलं की पुढचे दहा जण फोन उचलत नाहीत.

आपल्याकडे काय?

प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५ मध्ये सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही असं आहे, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्टात ते कामाला येत नाही. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या वेळचा, अजून लागू आहे. राफेलच्या कागदपत्रांवरून सरकारने तो पुढे केला होता, पण १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छापून आलेली ती कागदपत्रं विचारात घ्यायचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये केलेल्या पत्रकार संरक्षण कायद्याचं नाव अनेकजण या संदर्भात घेतात. तो मारहाण आणि तोडफोडीविरुद्ध आहे, सूत्राच्या गुप्ततेशी त्याचा संबंध नाही.

आता सूत्र वाचतं कशाने?

सिग्नलसारख्या ॲपवर मजकूर कुलूपबंद राहतो आणि कंपनीकडे वहीत फारसं काही उरत नाही. पण पहिला संपर्क कशावरून झाला, तो फोन कोणाच्या नावावर आहे, दोघांच्या खिशातले फोन एकाच वेळी एकाच जागी होते का, या गोष्टी ॲप लपवत नाही. कार्यालयाचा संगणक तर कधीच वापरू नये. कागद मिळाला तर पत्रकाराने मूळ प्रत कोणालाही दाखवू नये, मजकूर नव्याने टाइप करावा.

हे किती बारीक असतं ते २०१७ मध्ये दिसलं. ‘द इंटरसेप्ट’ या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाला टपालाने एनएसएचा एक अहवाल आला होता. पुढे त्याच संस्थेत रायझन रुजू झाले, आणि तिच्याशी जोडलेल्या पत्रकार-बचाव निधीचं काम त्यांनी पाहिलं. अहवाल खरा आहे का, हे पडताळण्यासाठी पत्रकारांनी त्याची प्रत सरकारी बाजूला दाखवली. पडताळणी हे पत्रकाराचं कर्तव्यच, पण प्रत जशीच्या तशी गेली. तपास करणाऱ्यांना त्यावर घडीच्या खुणा दिसल्या, म्हणजे कागद छापून, दुमडून बाहेर नेलेला. छपाईची नोंद काढली तर तो सहाच जणांनी छापला होता. त्या सहांपैकी एकीच्याच कार्यालयीन संगणकावरून ‘इंटरसेप्ट’ला पूर्वी ईमेल गेला होता, तोही भलत्याच विषयावर. रिॲलिटी विनर ही पंचविशीतली मुलगी बातमी छापून येण्याच्या दोन दिवस आधीच अटकेत होती. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली.